आट्यांचा स्टोव्ह, खाचेचा डबा

आमच्या ट्रेकच्या ग्रुपकडे बरीच वर्षं एक चपटी, पेटीसारखी शेगडी आहे. बुफेमध्ये टेबलावर गरमागरम डोसे काढतात ना, तीच. बाजूचं झाकण उघडून आत गॅसचा लांबट डबा आडवा ठेवायचा, खटका दाबायचा आणि पेटवायची. चहा, मॅगी, खिचडी सगळं तिच्यावर झालंय. पण ती सॅकमध्ये मावत नाही, आणि वर चढवायची कोणी यावरून दर वेळी पायथ्याशी कुरबूर होते. अशात माझा आतेभाऊ कॅनडातलं बिऱ्हाड हलवून कायमचा ठाण्याला आला आणि माझ्या हातात दोन स्टोव्ह ठेवून म्हणाला, "घे तायडे, माझ्या गुडघ्यांनी आता राजीनामा दिलाय."

एक स्टोव्ह मुठीत मावेल एवढा, डब्याच्या डोक्यावरच बसणारा. दुसरा तीन पायांचा, जमिनीवर पसरणारा, त्याला फूटभर लवचिक नळी. डबे अर्थात नव्हते. गॅसचा डबा विमानात केबिन बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही. तेव्हा स्टोव्ह कुठूनही येवो, डबा जिथला तिथेच घ्यावा लागतो. दोन्ही स्टोव्हच्या तोंडाशी आतून बारीक आटे होते. आमच्या पेटीवाल्या शेगडीच्या डब्याला आटे नसतातच. मला हवं होतं ते असं की सगळ्या ग्रुपने एकाच जातीचे डबे घ्यावेत आणि उरलेले एकमेकांना वापरता यावेत. हे कितपत जमतं ते शोधण्यात पावसाळ्यानंतरचे बरेच शनिवार गेले.

मी वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या मशीन शॉपचे हिशेब बघते. आमचे टर्नर काका निवृत्तीला आलेत, पण आटा म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. घोडबंदर रोडवरच्या खेळाच्या साहित्याच्या मोठ्या दुकानातून मी बुटका, घुमटाच्या आकाराचा २३० ग्रॅमचा डबा आणला होता. तो आणि दोन्ही स्टोव्ह जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी डब्याच्या मानेला व्हर्नियर लावला. ११ मिलिमीटरच्या जरा वर. मग पिच गेजची, म्हणजे आटे किती बारीक ते मोजायच्या साधनाची, एकेक पाती आट्यावर टेकवून उजेडाकडे धरली. एका पातीला मधून उजेड येईना, तेव्हा म्हणाले, "साडेतीन सूत, इंचाला अठ्ठावीस आटे. कुठलाही साडेतीन सुताचा नट याला बसायचा नाही बरं का. फार बारीक आटा आहे."

साडेतीन सूत म्हणजे ७/१६ इंच. कॅम्पिंगच्या अशा बुटक्या, आट्यांच्या डब्यांचं हेच माप जगभर चालतं. युरोपात अशा एकदाच वापरायच्या डब्यांसाठी ईएन ४१७ नावाचं मानक आहे आणि डब्यावर बारीक अक्षरात तो आकडा सापडतो. त्यामुळे आट्यांच्या बाबतीत ब्रँडची फार चिंता करायचं कारण नाही. 'आमच्याच कंपनीचा डबा वापरा' असं प्रत्येक स्टोव्हच्या माहितीपत्रकात असतं, पण कॅनडातला स्टोव्ह घोडबंदरच्या डब्यावर दोन बोटांनी फिरवला तरी सुतासारखा सरळ गेला. एवढंच की आटे डब्याला स्टोव्हशी धरून ठेवतात, गॅस अडवत नाहीत. गॅस अडवते ती स्टोव्हच्या तोंडात बसलेली छोटीशी काळी ओ-रिंग. ती वाळून तडकली असेल तर आटे कितीही छान बसोत, गळणारच. आतेभावाच्या मोठ्या स्टोव्हची ओ-रिंग नखाने दाबली तर दबेचना, नुसती कडक झाली होती. जांभळी नाक्याला गॅस शेगडीच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, तिथे नमुना दाखवून त्याच मापाची नायट्राइल रबराची रिंग मिळाली. दुकानदाराने वायसरच्या डब्यातून शोधून दिली, वर "पाण्याच्या नळाची घालू नका ताई, गॅसने फुगते ती," असा सल्लाही दिला. चार घेतल्या.

आटेवाल्यांखेरीज अजून दोन जाती आहेत, त्या इकडे क्वचित दिसतात पण परदेशातून आलेल्या स्टोव्हच्या निमित्ताने गाठ पडते. एक भोसकायचा डबा. त्याला झडप नसतेच. स्टोव्हची सुई पत्र्यात घुसते आणि मग गॅस संपेपर्यंत डबा काढता येत नाही. दुसरी खटक्याने बसणारी झडप, कॅम्पिंगॅझ या फ्रेंच ब्रँडची, फ्रान्सकडे जास्त चालते. या दोन्हींच्या नादी मी लागले नाही.

राहिला आपला लांब डबा. २२० ग्रॅमच्या आसपास गॅस, हेअर स्प्रेसारखा उंच आणि अरुंद. तो सगळीकडे मिळतो. केटरिंगचं सामान विकणारे ठेवतात, हॉटेलवाले खोक्याने नेतात, आणि मला तो बुटक्या आटेवाल्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाला. त्याच्या तोंडाशी पत्र्याची कॉलर असते आणि कॉलरला एका जागी खाच. या खाचेकडे आम्ही इतकी वर्षं फक्त 'इथून बसवायचा' एवढ्याच अर्थाने पाहत होतो. शेगडीत दांडी त्या खाचेत गेल्याशिवाय डबा बसत नाही, संपलं.

ती खाच तिथेच का, हे काकांनी मला डबा कापून दाखवलं. पार रिकामा झालेला डबा होता. आधी उघड्यावर, आसपास काही पेटतं नाही हे बघून, झडप दाबून धरली, फुस्स होणं थांबल्यावर बराच वेळ तसाच ठेवला, मग पोगराने भोक पाडून आत पाणी भरलं आणि पाण्यासकट हॅकसॉने कापला. (हे घरी करू नका. काकांनीही 'ठिणगी उडणारं ग्राइंडर आणायचं नाही' म्हणून दोनदा दम दिला होता.) आत झडपेच्या खाली एक बारीक नळी होती, आणि ती सरळ नव्हती. काटकोनात वळून डब्याच्या भिंतीकडे गेलेली, बरोबर खाचेच्या दिशेने.

मग सगळा उलगडा होतो. डब्यात गॅस द्रवरूपात असतो, वर त्याची वाफ. डबा आडवा झोपवला आणि खाच वर ठेवली की नळीचं टोक वर, वाफेत राहतं. स्टोव्हला वाफ मिळते, ज्योत निळी, शांत. खाच खाली गेली की तेच टोक द्रवात बुडतं, आणि बर्नरपर्यंत पातळ गॅस पोचतो. तिथे तो एकदम फुगतो आणि पिवळा भडका उडतो. पेटीवाली शेगडी हे आपल्याकडून करवून घेते, डबा चुकीचा बसतच नाही. अ‍ॅडॅप्टर (लांब डबा आट्यांच्या स्टोव्हला जोडायचा तुकडा) लावल्यावर ही राखण निघून जाते. सगळ्या अ‍ॅडॅप्टरच्या खरेदीतली मोलाची गोष्ट मला एवढीच वाटते, बाकी सगळं किमतीचं आणि दिसण्याचं.

अ‍ॅडॅप्टर म्हणजे एका बाजूला लांब डब्याची कॉलर पकडणारा भाग आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन सुताचे आटे. दोन तऱ्हेचे मिळाले. एक उभा: डबा उभा ठेवायचा, डोक्यावर अ‍ॅडॅप्टर, त्यावर स्टोव्ह, त्यावर पातेलं. डबा उभा असला की नळीचं टोक वरच राहतं, म्हणून गॅसच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. पण उंची! सहाएक इंचांहून उंच, मुठीएवढ्या जाडीचा डबा, त्यावर लिटरभर पाणी. सह्याद्रीत सपाट जागा म्हणजे काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी दुकानातच तो प्रकार बाजूला ठेवला. दुसरा आडवा: त्याला तीन छोटे पाय, डबा झोपवायचा, आणि पाय जमिनीला टेकले की खाच आपोआप वर येते. हा नळीवाल्या स्टोव्हसाठीच. डोक्यावर बसणारा छोटा स्टोव्ह याला लावता येत नाही, आणि माझं मत विचाराल तर छोट्या स्टोव्हला अ‍ॅडॅप्टर लावूच नये.

आडव्यातले दोन नमुने आणले, परत करण्याच्या बोलीवर. एक ओतीव धातूचा, स्वस्त. दुसरा पितळेचा, लेथवर कातलेला. काकांनी ओतीवच्या आट्यात बोट फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत, नुसतं नाक मुरडलं. तरीही मला साबणाची परीक्षा घ्यायचीच होती.

ही परीक्षा गच्चीवर, वारा नसताना. क्रम महत्त्वाचा. आधी स्टोव्हची कळ पूर्ण बंद. मग अ‍ॅडॅप्टर स्टोव्हच्या नळीला आट्यांनी लावायचा, हातानेच, पक्कड नाही. पक्कडीने ओ-रिंग चिरडते. डबा सगळ्यात शेवटी. कारण या अ‍ॅडॅप्टरना स्वतःची कळ बहुधा नसते. डबा कॉलरमध्ये फिरला की त्याची झडप दाबली जाते आणि गॅस थेट स्टोव्हच्या कळीपर्यंत येऊन उभा राहतो. अ‍ॅडॅप्टर आधी डब्याला लावला तर दुसरं तोंड उघडंच, गॅस हातावर. आणि तो गॅस हात गोठवणारा असतो, कारण पातळ गॅस उडताना उष्णता खेचून घेतो.

भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावला. ओतीव अ‍ॅडॅप्टरच्या कॉलरपाशी मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. वासही नव्हता म्हणण्याइतका कमी. (गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो, आणि उघड्या गच्चीवर एवढीशी गळती नाकाला कळत नाही.) अ‍ॅडॅप्टर तोच ठेवून रबर नवं घातलं, तरी बुडबुडा. म्हणजे खोट रबरात नव्हती, ज्या खोबणीत ते बसतं तीच वाकडी होती. तो परत गेला. पितळेच्या अ‍ॅडॅप्टरवर फेस जसाच्या तसा राहिला, हळूहळू वाळला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी विकणारा सांगत नाही. पेटीवाल्या शेगडीत दाबाची एक सुरक्षा कळ असते. डबा तापून आतला दाब वाढला तर शेगडी डब्याला ढकलून झडपेपासून सोडवते आणि ज्योत विझते. अ‍ॅडॅप्टरमध्ये हे काही नसतं. म्हणून अ‍ॅडॅप्टरवर स्वयंपाक करताना डबा बर्नरपासून नळी जाईल तितका लांब, आणि वाऱ्याचा पत्र्याचा आडोसा फक्त बर्नरला, डब्याला आत घेऊन नाही. मधूनमधून डब्याला हात लावायचा. तो गार लागला पाहिजे. कोमट लागला तर ज्योत बंद. डब्यांवर '५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका' असं छापलेलं असतं; मे महिन्यात वाशी-नेरुळला उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत ते तापमान स्टोव्ह न पेटवताही गाठलं जातं. ट्रेकवरून आल्यावर डिकीत विसरलेला डबा मला पेटत्या स्टोव्हपेक्षा जास्त घाबरवतो.

या शोधात एका गल्लीत मला अजून एक उपाय सुचवला गेला. "ताई, कशाला नवा डबा घेता? रिकामा आणा, घरच्या सिलिंडरमधून भरून देतो, पन्नास-साठ रुपयांत काम." भरायचं नोझलही होतं त्यांच्याकडे. मी हात जोडले. बेकायदा तर आहेच, पण त्यामागचं कारणही साधं आहे. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. २० अंशांना शुद्ध ब्युटेनचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट असतो, प्रोपेनचा आठपटीहून जास्त. लाल सिलिंडरचा जाड पत्रा तो दाब पेलायलाच बनवलेला असतो. लांब डब्याचा पत्रा ब्युटेनच्या दाबाचा हिशेब धरून केलेला, एकदा वापरून फेकायचा. त्यात गल्लीतला माणूस वजन न करता काठोकाठ भरतो. द्रवाला गरम झाल्यावर फुगायला वर मोकळी जागा लागते, ती उरत नाही. मग डब्याने करायचं काय?

हेच ब्युटेन-प्रोपेनचं गणित थंडीतही आडवं येतं. लांब डब्यांत बहुतेक वेळा नुसतं ब्युटेन असतं. त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश. म्हणजे डबा शून्याच्या आसपास गेला की वाफ होणंच थांबतं. आता कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठे शून्य होतंय? हवा होत नाही, पण डबा होतो. वाफ होताना डबा स्वतःलाच गार करत राहतो. डिसेंबरमध्ये कळसूबाईच्या अंगाखांद्यावर पहाटे हवा ८-१० अंशांवर असते, त्यात डबा दहा मिनिटं जोरात चालवला की बाहेरून दवाने भिजतो आणि ज्योत मिणमिणायला लागते. आयसोब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ११.७, प्रोपेनचा उणे ४२. बुटक्या आटेवाल्या डब्यांत या तिघांतलं मिश्रण असतं, प्रमाण लेबलवर छापलेलं सापडतं. जास्तीचे पैसे त्या मिश्रणाचे आणि ते पेलणाऱ्या जाड पत्र्याचे. गॅसच्या वजनात फरक जवळपास नाही.

गोरखगडावर आम्ही दोन्ही शेजारी लावून पाहिले. मुरबाडच्या पुढे देहरी गावातून चढायचं, वरची गुहा ऐसपैस, पाण्याची टाकी जवळ, मुक्कामाला उत्तम. गुहेच्या आत स्टोव्ह लावला नाही; जळणाऱ्या गॅसला हवा लागते, ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला तर कसलाच वास नाही. गुहेच्या तोंडाशी, आडोशाला चूल मांडली. संध्याकाळच्या चहाला दोघांत काडीचा फरक नव्हता. लांब डबा, पितळेचा अ‍ॅडॅप्टर, नळीवाला स्टोव्ह: दहा माणसांचा चहा झाला, नंतर मुगाची खिचडी. पहाटे मात्र लांब डबा सुस्तावला. आमच्यातल्या एकाने तो उबदार करायला स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायला हवा होता असं सुचवलं, त्याच्या बायकोने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते लिहीत नाही. पातेल्यात टाकीचं साधं पाणी घेऊन डबा त्यात थोडा बुडवून ठेवला तर ज्योत सुधारली. टाकीचं पाणी डब्यापेक्षा कितीतरी कोमट होतं. गरम पाणी घ्यायचं नाही, साधंच. आटेवाल्याला असलं काही लागलं नाही.

गॅस किती न्यायचा याचा अंदाजही आता वजनावर बांधते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला हिशेबाने ७ ग्रॅम गॅस पुरेल, पण निम्मी आच वाऱ्यावर आणि पातेल्याच्या कडेने निघून जाते, म्हणून १४ ग्रॅम धरते. २३० ग्रॅमचा डबा म्हणजे साधारण सोळा लिटर उकळतं पाणी. नवा डबा आणला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन मार्करने बुडावर लिहायचं. पुढच्या वेळी पुन्हा तोलला की किती उरलं ते कळतं. हलवून 'अर्धा असेल' म्हणणाऱ्यांचा मला आता राग येतो.

न्यायचा कसा हा प्रश्न ठाण्याच्या माणसाला जास्त छळतो, कारण आपले निम्मे ट्रेक कसारा नाहीतर कर्जत लोकलने सुरू होतात. रेल्वेत असा डबा चालत नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम ६७ आणि १६४. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळे नेतात हे मला माहीत आहे. गर्दीच्या डब्यात कोणाच्या तरी सॅकमध्ये झडपेवरची टोपी निसटली तर काय, हा विचार एकदा डोक्यात बसला की नेववत नाही. आता लोकलने जायचं असेल तर स्टोव्ह घरी ठेवतो आणि पायथ्याच्या गावात जेवण सांगतो. तिथल्या मावशींची भाकरी आमच्या खिचडीपेक्षा बरी असते हे वेगळंच. स्टोव्ह न्यायचा असेल तर स्वतःची गाडी, डबा सरळ उभा, सावलीत.

शेवटी ग्रुपमध्ये ठरलं ते असं. मोठा नळीवाला स्टोव्ह, पितळेचा अ‍ॅडॅप्टर आणि लांब डबे हे मोठ्या गटासाठी, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीनंतर. कडाक्याच्या थंडीत तोच स्टोव्ह अ‍ॅडॅप्टर काढून आटेवाल्या डब्यावर. छोटा स्टोव्ह कायम आटेवाल्यावर, दोघा-तिघांसाठी. पेटीवाली शेगडी सोसायटीच्या कोजागिरीला.

हे सगळं ऐकून ऐरोलीचा आमचा एक मित्र परवा त्याचा खटक्याच्या झडपेचा फ्रेंच स्टोव्ह घेऊन आला. त्याने ऑनलाइन हुडकून काढलं होतं की खटक्यावरून आट्यांवर आणणारा एक अ‍ॅडॅप्टर मिळतो; मग त्याला आमचा आट्यांवरून लांब डब्यावर जाणारा जोडला की झालं काम. मी त्याला काकांकडे नेलं. काकांनी दोन्ही तुकडे हातात धरून सांधे मोजले: स्टोव्हचा एक, मधला एक, डब्याचा एक. "तीन ठिकाणी रबर, तीन ठिकाणी गळायची सोय," म्हणाले, आणि स्टोव्ह त्याला परत दिला. तो आता विकायला काढलाय. कोणी फ्रान्सला जाणारं असेल तर कळवा.